चंद्राची कोर आणि आमचे हे

आमच्या ह्यांनी चंद्रावरून शाळेत वाद घातला होता, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही मी. पुण्यात बावधनला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. चौथीतल्या आमच्या लेकीचा, सईचा, विज्ञानात एक मार्क गेला. चंद्राची कोर दिसते कारण त्यावर पृथ्वीची सावली पडते, असं तिनं लिहिलं होतं. ते ह्यांनीच शिकवलेलं. हे तडक शाळेत निघाले, मागोमाग आम्ही दोघी.

"बाई, मी इंजिनिअर आहे. उत्तर बरोबर आहे."

सईच्या बाई जवळच्याच पौड गावच्या. त्यांनी शांतपणे कॉम्प्युटरवर मुलांची एक वेबसाइट उघडली. "बसा की सर. माउसनं चंद्र फिरवा."

ह्यांनी फिरवला. कोर दिसायला लागली.

"आता पृथ्वीची सावली कुठं पडलीय?"

सावली पार दुसऱ्या बाजूला होती.

"ती चंद्रावर पडते फक्त चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा उजेडातला भाग आपल्याला कमीजास्त दिसतो, एवढंच."

हे स्क्रीनवरून नजर हलवेनात. दारातून सईच्या वर्गातल्या मुली बघत होत्या आणि सई माझ्या ओढणीमागे तोंड लपवून उभी होती.

आम्ही घरी आलो. जिन्यात सईनं मला हळूच विचारलं, "आई, आता विज्ञान तू शिकवशील?"

पुढे चालणाऱ्या ह्यांनी ते ऐकलं. मी "हो" म्हणाले. कोर सावलीमुळेच दिसते असं सकाळपर्यंत मलाही वाटत होतं, हे मात्र तोंडातून निघालं नाही.