नांगराखालचं गाव

"बाहेरची पोर हाय, तिला आपल्या गावचं काय कळतंय?" सासूबाई जाऊबाईंना सांगत होत्या आणि मी दाराआड भांडी घेऊन उभी.

माझा गुन्हा काय, तर आमच्या वळसंगच्या शेतातल्या एकट्या दगडाला नैवेद्य दाखवताना मी विचारलं होतं, "हा देव कुणाचा?" कुणालाच माहीत नव्हतं.

मग मी मोबाईलवर सर्वेक्षणाचा जुना नकाशा उघडला. आमची वस्ती त्यात नव्हतीच. शेताच्या जागी मात्र घरांचे ठिपके, दगडापाशी देवळाची खूण आणि शेजारी लिहिलेलं, 'ओसाड गाव'. माणसं कशानं उठली, ते नकाशा सांगत नव्हता.

जेवताना सासरे म्हणाले, "औंदा नांगराला लई खापरं लागत्यात."

मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढं तोंड उघडलं, "आपल्याच घरांची असतील, मामा. जुन्या नकाशात गाव तिथं होतं, ही वस्ती नंतरची. इथं बाहेरची मी एकटीच नाही."