लायसन्सवाल्यांचा फोन

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या दवाखान्यात काशिनाथकाका गुडघा दाखवायला बसले होते. मागं दोन पोरं मराठीत बोलायला लागली, मग काकांचं मासिक एकाच पानावर अडकलं.

"शुभ्या, बंदुकीचं लायसन्स रिन्यू करतोय. ओळखीचा म्हणून तुझं नाव दिलंय, चौकशीचा फोन येईल."

"येऊ दे."

"गंधार चांगला माणूस आहे, एवढंच सांग."

"शनिवारी तू माझ्यावर गोळी झाडलीस."

"झुडूप हललं रे. मला हरीण वाटलं."

"केशरी जाकिटातलं?"

"लागली नाही ना पण."

"सॅकमधनं आरपार गेली. घाबरून दगडावर आपटलो, आठ टाके पडले. घरी सानिकाला सांगितलं, पाय घसरला."

"मग त्यांनाही तेच सांग की."

"हरीण पडलं की 'माझी गोळी' म्हणून फोटो टाकतोस. ही कुणाची?"

शुभंकरचा फोन वाजला. नर्सनं काकांचं नाव दोनदा पुकारलं, पण काका उठेनात.

"थांब, बाहेर जाऊन बोल ना," गंधार म्हणाला.

"नाही. तुझ्यासमोरच बोलतो."

शुभंकर तिथला माओरी नमस्कार करून इंग्रजीत बोलायला लागला, अगदी सावकाश.

"किया ओरा. हो, गंधारला सात वर्षं ओळखतो. माझा जवळचा मित्र आहे. आत्ताही शेजारीच बसलाय. त्याला बंदूक देऊ नका."