मागून धरलेली सायकल

...नाही हो, पडलो असतो तर बरं झालं असतं! पडणारा निदान शिकतो तरी. लहानपणी सायकल शिकताना मी तीन आठवड्यांत एकदाही पडलो नाही, तुम्हाला सांगतो, कारण मागे बाबा! दोन्ही हातांनी सीट धरून, धापा टाकत, पळत... "समोर बघ! मी धरलंय!"

इतरांचे बाप कसे, गुपचूप सोडून देतात. पोरगं दहा हात जातं, मागे बघतं, आपटतं, झालं, शिकलं! आमचे बाबा सोडतील तर शपथ. एकवीस वर्षं हेच. कॉलेजात त्यांनीच निवडलेल्या विषयात दोनदा नापास झालो, तरी "बस तू, मी धरलंय!" तिसऱ्यांदा मीच कॉलेज सोडलं. तर मामा म्हणतो, "बापाच्या जिवावर उठलास रे!" हा मामा! चाळिशी उलटली तरी चपला आजीला विचारून घेतो, आणि मला शिकवतो!

मग औषधाच्या दुकानात पाकिटं घरपोच करायचं काम निघालं. दुकानदार म्हणाला, "सायकल येते?" म्हटलं, येते! नाही कसं म्हणू? घरी बसून अजून किती ऐकायचं?

चाचणीच्या दिवशी त्यानं पिशवी हँडलला अडकवली. "दम्याचं औषध आहे. मागची गल्ली, पिवळं घर, बाई दारातच उभ्या आहेत." मी टांग टाकली आणि मागून... कोण, सांगा! दुकानदाराच्या डोळ्यांदेखत! "समोर बघ, मी धर..."

"बाबा, सोडा!"

"पडशील."

"पडू द्या ना एकदा! भीती तुम्हाला वाटते, आणि येत मला काही नाही!"

सोडलं. हलकं वाटायला हवं होतं ना? मान मात्र आपोआप मागे वळली.

पण गेलो की! पिवळं घर आलं आणि डोक्यात उजेड पडला... थांबायचं कसं? आजवर थांबवत होते बाबाच! ब्रेक दाबला की सायकल डुलते, डुलली की घाबरून पाय पुन्हा गरगर. बाई हात पुढे करून उभ्या, मी समोरून पसार! वळसा घालून पुन्हा. "अरे ए, इकडे!" "माहितीये हो!" तिसऱ्या फेरीला त्या बिचाऱ्या खोकत रस्त्यात आल्या आणि पिशवी ओढूनच घेतली.

परत आलो तर बाबा दुकानाच्या पायरीवर, रिकामे हात मांडीवर ठेवून. किती पळवलं मी या माणसाला! राग गेला नव्हता, अजूनही नाही... पण ओरडलो, "बाबा, थांबत नाहीये!"

उठले, पळाले, धरलं.

"पोचलं?" दुकानदार.

"पोचलं."

"मग उद्यापासून ये. आणि काका, तुम्हीही या, याला उतरवायला."

तर नोकरी लागली. रोज एकटा निघतो, ताठ मानेनं. गिऱ्हाइकांच्या दारात भिंतीला खेटून थांबतो. दुकानापुढे भिंत नाही... तिथे बाबा उभे असतात.