हिरवा ठिपका

थेरपिस्ट : हा गुडघा? काका, हा गुडघा नाही, खांब आहे खांब!

काका : थंडीनं आखडलाय, मॅडम. काल तर असा वाकला, की टाच थेट पाठीला. म्हटलं आलीच आहे, तर खाजवूनही घेऊ.

थेरपिस्ट : थट्टा पुरे! ऑपरेशन झाल्यापासून रोज फोनवरून तुमचा रिपोर्ट येतोय. व्यायाम पूर्ण, गुडघा उत्तम, नावापुढे हिरवा ठिपका. आणि आज इथे दवाखान्यात बघते तर लाकूड! व्यायाम मोजून फोनला कळवणारा तो पट्टा पायाला बांधत होतात ना?

काका : रोज बांधला जात होता. गळ्याशपथ.

काकू : बांधला जात होता! कुणाच्या पायाला, तेही सांगा की.

काका : तू मध्ये बोलू नकोस.

काकू : का नको? मॅडम, हे मला म्हणाले, यंत्र नवं आहे, नव्या चपलेसारखं चावतं. आधी घरातल्या कुणीतरी वापरून सैल करून द्यायचं असतं. मग फोन सांगेल तसा मी पाय हलवायचा, आणि माझं झालं की हे म्हणणार, आता फार तापलंय, उद्या बघू!

थेरपिस्ट : म्हणजे ते सगळे व्यायाम तुम्ही केलेत?

काकू : मग काय! आधी माझेच गुडघे दुखायचे, जिना उलटा उतरायचे मी, कठडा धरून. आज ह्यांची पिशवी घेऊन तरातरा खाली आले.

थेरपिस्ट : हसताय काय, काका? आठवड्यात हा पाय काटकोनात आला नाही, तर सर्जन भूल देऊन जबरदस्तीनं वाकवणार आहेत. आत जे जे चिकटलंय ते तोडून!

काका : मग तुम्ही कुठे होतात?

थेरपिस्ट : मी?

काका : तुम्हीच! पहिल्या दिवशी पट्टा बांधला, पाय वाकवला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. 'आई गं' म्हणून ओरडलो. फोन म्हणतो, 'शाब्बास! अजून एकदा!' पुन्हा बोंबललो. पुन्हा 'शाब्बास! अजून एकदा!' मेल्याला कळ दाबली की बोलता येतं, पण माणसाची कळ कळत नाही!

थेरपिस्ट : मला फोन करायचा होता!

काका : केला. तिथेही माणूस नाही, यंत्रातली बया. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा.

थेरपिस्ट : माझं घरी येणं वरच्यांनी बंद केलंय, काका! पाय हातात घेऊन शिकले मी, आणि आता खुर्चीत बसून ठिपके बघते. लाल दिसेल त्यालाच फोन करायचा, असा हुकूम. तुमचा सगळ्यांत हिरवागार! परवा मीटिंगमध्ये तोच भिंतीवर दाखवला. 'बघा, कुणी घरी न जाता बरा झालेला पेशंट!' आता घरी जाऊ द्या म्हणून कुठल्या तोंडानं भांडू?

काका : ...हे मला माहीत नव्हतं.

काकू : असतं, तरी थाप मारलीच असती.

(थेरपिस्ट स्टूल ओढून काकांचा पाय मांडीवर घेते.)

काका : पट्टा?

थेरपिस्ट : खड्ड्यात गेला पट्टा. दुखलं की सांगायचं. खरं सांगायचं, तिखटमीठ न लावता.

काका : आई गं!

थेरपिस्ट : थांबले.

काका : थांबलीस?

थेरपिस्ट : थांबले, काका.

काका : ...बरं. अजून एकदा, पोरी.