माझं नाव घेणारा आवाज

मी आंबागडची जी, किल्ल्याच्या पायथ्याची, बाप जंगलात कामाले जाये, अन् मले दिली पवनीले, धानाच्या घरी. लिहा बाईजी, तुमच्या परदेशातल्या नातवाईले कळू द्या, ते तर तुमाले आवाजानंच भेटतात. काय सांगू तुमाले, आमचे घरधनी दंडारीत, गावच्या रातभरच्या नाटकात, गात. मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ आली अन् गेले. पण लोकाईनं दंडारीचे व्हिडिओ टाकले होते, ते अजून मोबाईलवर फिरून राहिले. माणूस गेला, आवाज राहिला. भाच्यानं फेसबुकवर आमचा जोडीचा फोटो टाकला होता, खाली दोघांची नावं.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. हे मले अवो म्हणत, लई झालं तर आयकलं काय. सुगंधा म्हणून हाक कधी मारली नाही, रागातही नाही.

तं धानाच्या रोवण्याचे दिवस होते, मी वावरात, धानाच्या बांधीत होती, घरी सासू एकटी, डोळ्यानं अधू. संध्याकाळी आली तं म्हातारी ओट्यावर बसून हसून राहिली. म्हणे, माह्या लेकाचा फोन आला, दवाखान्यात आहे, मोबाईलवर आकडे येतील ते सांग म्हणाला, मी शेजारणीकडून वाचून सांगितले. मी म्हटलं, आत्याबाई, त्यांची राख आपणच वैनगंगेत सोडली ना. तं म्हणे, तू गप, माह्या पोराचा आवाज मले समजत नाही काय. आमचं बँकेतलं खातं रिकामं झालं होतं.

आमच्या मोबाईलात बोलणं आपोआप टेप होते. लावून आयकलं. तोच जी, तोच घोगरा, तेच मधी थांबून खाकरणं. अन् मग तो म्हणते, माय, सुगंधा कोठी गेली? मी टेप तिथंच बंद केली.

पोलिसाईनं एक जण पकडला, त्यानं व्हिडिओवरून मशीनीत तसाच आवाज बनवला म्हणे, आमचा मोबाईल कोर्टात जमा झाला, मले भंडाऱ्याले साक्षीले बोलावलं. नवऱ्याचं नाव विचारलं, ते मी उखाण्याबाहेर जन्मात पहिल्यांदा तोंडानं घेतलं. आरोपीचा वकील म्हणे, बाई, हा आवाज तुमच्या नवऱ्याचाच, जिते असतानाच्या टेपातला, तुम्हीच जोडून आणला. तसं ठरलं असतं तं तो सुटला असता अन् खोटेपणा माह्यावर आला असता. मग भर कोर्टात टेप लावली. मागं बसलेली सासू उठून उभी राहिली, म्हणे, मी येऊन राहिली रे बापू. शिपायानं बसवलं तिले. कोणी हसलं नाही.

मी म्हटलं, साहेब, आवाज त्यांचा आहे, बोलणारे ते नाहीत. त्यांनी माहं नाव तोंडानं कधी घेतलंच नाही, मायजवळही नाही. वकील म्हणे, घ्या, आता हा पुरावा! जजसाहेबांनी मात्र लिहून घेतलं, अन् फोन कोणत्या तारखेले आला तो कंपनीचा कागद मागवला.

निकाल लागाचा आहे. सासू माह्याशी बोलत नाही. म्हणे, तू चारचौघात माह्या लेकाले मेला म्हणाली. रोज एक ताट जास्त वाढते, झाकून ठेवते. तुमच्या नातवाईले देव सुखी ठेवो जी. घरात एकमेकाले काय म्हणता ते मोबाईलवर कुठी टाकू नका म्हणावं, तेवढंच आपल्यापाशी राहते.

पण बाईजी, एक सांगू काय. बांधीत वाकली का कधी मागून हाक येते, सुगंधा. सासरी या नावानं मले कोणीच बोलवत नाही. मी ओ देत नाही. अजून तरी नाही दिली.