अलार्मसाठी राखलेली मेमरी

मीनाताईंच्या घरचे विनायकराव आणि रिमा, सोसायटीतली मंडळी आणि ऑफिसातले मित्रहो,

मीनाताईंच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय. दुःख तर आहेच. पण खरं सांगू? मी घाबरलोय.

मीनाताई काय काम करायच्या, हे इथं गोत्रीतल्या आपल्या सोसायटीत पुष्कळांना ठाऊक नसेल. दवाखान्यात पेशंटच्या श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र असतं ना, त्याच्या आत कर्नेल नावाचा मूळ प्रोग्रॅम असतो. कुठल्या कामाला किती मेमरी द्यायची, ते तो ठरवतो. ऑफिसात आम्ही त्यात बदल करायचो. ताई तपासायच्या. कोडची ओळ न् ओळ. त्यांनी हो म्हटल्याशिवाय काही पुढे जात नसे.

दोन वर्षांपूर्वी मी एक बदल केला. अलार्मसाठी थोडी मेमरी राखून ठेवलेली असायची. नुसती पडून राहते, म्हणून मी ती सगळ्या कामांना मोकळी केली. सगळ्या चाचण्या पास! ताई म्हणाल्या, "नाही."

मी चिडलो. सगळ्यांसमोर आवाज चढवला. "ताई, तुम्ही उगाच घाबरता!"

"चाल, करून बघू," त्या म्हणाल्या. "मेमरी पूर्ण भर. हं, आता सेन्सर काढ."

काढला. श्वास थांबला, असं यंत्राला वाटायला हवं. अलार्म वाजायला हवा. वाजलाच नाही. मेमरी मिळायची वाट बघत अडकून पडला होता. आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे. मी तो बदल मागे घेतला.

ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मलाही भीती वाटते रे. रोज वाटते."

मंगळवारी त्या गेल्या. गुरुवारी त्यांचं काम माझ्याकडे आलं. आमच्यातल्या एकीनं केलेला बदल, जेमतेम चाळीस ओळींचा. सकाळपासून वाचत बसलो. मेमरी भरून पाहिली, सेन्सर काढून पाहिला. अलार्म वाजला. तरी मंजुरीचं बटण दाबवेना. काल दुपारी दाबलं.

आता ती यंत्रं कुणाच्या तरी खाटेशेजारी जातील. माझ्या नजरेतून काही सुटलं असेल का? ताई, कुणाला विचारू?

मंडळी, उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नये.

मीनाताई, नमस्कार करतो.