वाढ्याचे भारे

उषाबाई : सही न्हाई म्हणले ना! किती बारी सांगू? अंगठा बी न्हाई.

मुकुल : मावशी, दोनच ओळी आहेत. 'सत्संग युवा मंडळाच्या विद्यार्थ्यांनी आमच्या ऊसतोड वस्तीवर स्वच्छतासेवा केली, आम्ही समाधानी आहोत.' बस. कॉलेजला हे पत्र दिलं की पुढच्या रविवारी आणखी चाळीस मुलं आणता येतील.

उषाबाई : आणखी चाळीस! अगं बया! काल पंचवीस जणांनी वाटोळं केलं, चाळीस आले तर आमच्या ऱ्हायच्या कोप्या बी उचलून नेतील.

तृप्ती : मावशी, मी ह्यांना माफी मागायला आणलंय...

मुकुल : थांब तृप्ती, मी बोलतो. मावशी, मुलांना कळलं नाही. कोप्यांच्या मागं पाला पडलेला दिसला, कचरा समजून ट्रॉलीत भरला आणि खदानीत टाकला. त्यामागचा सेवाभाव बघा ना.

उषाबाई : पाला? वाढं हाय ते, महाराज! उसाचे शेंडे. बैलांची वैरण. दिवसभर ऊस तोडायचा आन् वरून हे भारे बांधून आणायचे. तुमच्यात कचरा बांधून, रचून ठेवतेत का?

मुकुल : मी जालन्यात वाढलो, मावशी. शहरात...

उषाबाई : जालना म्हंजे काय अमेरिका हाय? तिथं ढोरं न्हाईत?

मुकुल : आम्ही लेकरांना बिस्किटंही वाटली होती.

उषाबाई : बैलांला चारू का ती? कालपासून निस्त्या पाण्यावर हायेत. आज आमच्या मालकानं तसेच जुंपले गाडीला.

तृप्ती : मुकुलदादा, माफी मागा आणि चला. कॉलेजात माईकवर सांगता, सेवेला या, मन मोठं होतं. काल दोन तास होतो इथं, त्यातला एक तास बॅनर सरळ करण्यात गेला. लाज वाटते मला.

मुकुल : लाज? इथल्या लेकरांचा तुझा संध्याकाळचा वर्ग मंडळाच्याच नावावर चालतो. पत्र मिळालं नाही तर तोही बंद. मग बस घरी लाजत.

तृप्ती : तुमचं नाव गेलं खड्ड्यात! मी एकटी येईन. मावशी, ह्यांचा राग वर्गावर काढू नका. तुमची वंदना जोडाक्षरं वाचायला लागली.

उषाबाई : ठावं हाय. साखरेच्या पोत्यावरचं वाचून दावती.

तृप्ती : मंग पाठवा ना तिला. तुम्ही न्हाई म्हणलात की बाकीच्या पण लेकरं धाडत नाहीत. ह्यांचं सोडा, ह्यांना वैरणीतलं काय कळतं!

उषाबाई : बराबर. ह्यांला न्हाई कळत. तू कुंभार पिंपळगावची ना? घरी ढोरं हायेत म्हणलीस.

तृप्ती : हो. चार.

उषाबाई : मंग वाढं वळखतीस.

तृप्ती : ...ओळखते.

उषाबाई : पोरं भारे भरून राह्यली, तवा कुठं गेल्तीस?

तृप्ती : इथंच होते. दादा घोषणा देऊन राह्यले होते, सगळे जोशात होते. वाटलं, मी मधी बोलले तर गावठी म्हणून हसतील.

मुकुल : म्हणजे तुला माहीत होतं? अगं, मग सांगायचं ना! चूक तुझी आणि बोलणी मी खातोय!

उषाबाई : तुमी आधी तो कागद खिशात घाला आन् निघा इथून.

(मुकुल निघून जातो.)

तृप्ती : मावशी, मी आमच्याकडचा कडबा आणते. आजच. वडलांना सांगून गाडीच भरून आणते.

उषाबाई : आण. बैल खातील.

तृप्ती : आणि वंदना?

उषाबाई : ती न्हाई यायची.

तृप्ती : असं नका करू, मावशी. लई हुशार आहे ती. शिकेल.

उषाबाई : शिकंल की. शिकून तुझ्यावानी व्हईल. सगळं कळंल, आन् गप उभी राहील.